येशूला आई म्हणणारी ज्युलियन



मे महिना म्हणजे पवित्र मरीयेचा महिना. संध्याकाळ झाली की क्रुसाजवळ माणसे जमतात, जपमाळ सुरू होते आणि मरीयेला आई म्हणताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. देवाला मात्र आपण पिता म्हणतो. प्रभूनेच आपल्याला तसे शिकवले. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका लहान मुलीने मला विचारले, की देव जर बाप आहे तर मग आई कोण? मी घाईत होतो. मरीया, एवढे उत्तर देऊन मी पुढच्या धड्याकडे वळलो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. मरीया आपली माता आहे, देवमाता आहे, पण ती देव नाही. देवाच्या ठायी वात्सल्य नसते, ते आपल्याला मरीयेकडून मागून आणावे लागते, असा त्या मुलीचा समज झाला असेल तर दोष माझा आहे.

पवित्र शास्त्र तसे सांगत नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव स्वतःच्या मायेची तुलना तान्ह्या बाळाच्या आईशी करतो आणि आपली माया त्याहूनही पक्की असल्याचे सांगतो. यरुशलेमसाठी कळवळताना येशू स्वतःला पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. देव स्त्री-पुरुष भेदाच्या पलीकडे आहे आणि त्याचे वात्सल्य आईच्या रूपानेही सांगता येते, असे ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ स्पष्ट म्हणतो. अकराव्या शतकातील संत अन्सेल्म यांनी तर आपल्या एका प्रार्थनेत येशूला आई म्हणून हाक मारली. पण या विचाराच्या तळाशी जी सर्वांत खोल गेली ती एक इंग्रज बाई होती. तिची गोष्ट आज सांगतो.

इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरिच नावाचे शहर आहे. चौदाव्या शतकात लोकरीच्या व्यापारामुळे ते चांगले भरभराटीला आले होते. भव्य कॅथीड्रल, गल्लोगल्ली चर्च, मठ, नदीवर मालाच्या होड्यांची गर्दी. या शहराशी जिचे नाव कायमचे जोडले गेले ती मुलगी १३४२ सालच्या शेवटाला जन्मली. तिचे पाळण्यातले नाव काय होते हे कोठेही लिहिलेले नाही. पुढे ती ज्या संत ज्युलियनच्या चर्चला लागून राहिली, त्याच चर्चचे नाव तिला चिकटले असावे. आपण तिला ज्युलियनच म्हणू.

ती सहा वर्षांची असताना, १३४९ साली, नॉरिचमध्ये प्लेगची काळी साथ आली. त्या साथीत इंग्लंडमधील किमान तिसरा हिस्सा माणसे गेली. काही इतिहासकार तर निम्मी गेली असे मानतात. घरेच्या घरे रिकामी झाली. आजाऱ्यांना शेवटचे संस्कार द्यायला गेलेले धर्मगुरूही मोठ्या संख्येने मेले. १३६१ साली साथ पुन्हा आली आणि या खेपेला तिने विशेषकरून लहान मुले उचलली. १३६९ साली आणखी एकदा आली. तिकडे फ्रान्सशी युद्ध चालूच होते. देव आपल्यावर संतापला आहे, हाच या सगळ्याचा अर्थ बहुतेकांनी लावला, आणि अनेक प्रवचनकारांनीही तोच सांगितला. एका पिढीने तीनदा अशी मरणे पाहिली, तिला देवाचा राग समजावून सांगायची गरज नव्हती. देवाची माया कोणी सांगितली असती तरी ती पटणे कठीण होते. हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

ज्युलियनने तरुणपणी देवाकडे तीन गोष्टी मागितल्या होत्या. प्रभूचे दुःखसहन जणू क्रुसाखाली उभे राहून पाहावे, वयाच्या तिशीत मरणाच्या दारापर्यंत नेणारे आजारपण यावे, आणि पश्चात्ताप, दया व देवाची ओढ अशा तीन जखमा मनाला व्हाव्यात. पहिल्या दोन गोष्टी देवाची इच्छा असेल तरच, अशी अटही तिने घातली होती. आजारपण मागणे हे आपल्याला आज विचित्र वाटते. मलाही वाटते. पण आजारपण न मागताच ज्यांच्या दारात येत होते, त्या काळातली ही मागणी आहे.

मे १३७३ मध्ये, साडेतीस वर्षांची असताना, ती खरोखरच आजारी पडली. तीन दिवस, तीन रात्री पडून राहिल्यावर चौथ्या रात्री तिला शेवटचे संस्कार देण्यात आले. त्यानंतरही जीव घुटमळतच राहिला. कमरेखालचे अंग निर्जीव झाले. धर्मगुरूंना बोलावणे गेले. ते आले तेव्हा तिची वाचा गेली होती आणि डोळे वर लागले होते. त्यांनी तिच्या तोंडासमोर क्रूस धरला आणि त्याच्याकडे पाहून समाधान मानायला सांगितले. आपण स्वर्गाकडे पाहतच आहोत, मग खाली कशाला पाहायचे, असे तिच्या मनात आले. पण समोर पाहणे जास्त वेळ जमेल असा हिशेब करून तिने नजर खाली आणली. खोलीत अंधार दाटला. उजेड फक्त क्रुसावर राहिला. श्वास तुटत चालला, आणि एकाएकी सर्व वेदना थांबल्या. मग काट्यांच्या मुकुटाखालून ताजे रक्त ओघळताना तिला दिसले.

पहाटे चारच्या सुमारास सुरू झालेली ही दर्शने एकामागून एक येत राहिली. त्या दिवशी पंधरा, आणि दुसऱ्या रात्री सोळावे. पहिल्याच दर्शनात तिच्या तळहातावर एक बारीकशी गोल वस्तू दिसली. हेझलनटएवढी, म्हणजे आपल्या बोराएवढी समजा. हे काय आहे, असे तिच्या मनात आले तेव्हा उमगले, की निर्माण झालेले सगळे विश्व ते हेच. इतके चिमुकले, की आता विरून जाईल असे वाटावे. पण ते टिकून होते, कारण देवाने ते घडवले, देवाचे त्याच्यावर प्रेम आहे आणि देव ते सांभाळतो. तीन साथी पाहिलेल्या बाईला जग किती नाजूक आहे हे ठाऊकच होते; ते कोणाच्या तरी मायेवर टिकून आहे, हे तिला नवे होते.

याच वेळी घडलेली एक लहानशी गोष्ट तिने लिहून ठेवली आहे. तिची आई इतरांबरोबर बिछान्याजवळ उभी होती. मुलीचा प्राण गेला असे आईला वाटले आणि मुलीचे डोळे मिटवायला तिने हात पुढे केला. ज्युलियन तर त्या क्षणी क्रुसावरील प्रभूकडे डोळे भरून पाहत होती. आईच्या हातामुळे ते दर्शन आड जाईल या विचाराने तिला फार दुःख झाले. धर्मगुरू म्हणून मी बऱ्याच खाटांशेजारी उभा राहिलो आहे आणि तो हात मी पाहिला आहे. तो आईचा असतो, मुलीचा असतो, कधी सुनेचा. त्यात मायाच असते. पण माणसाची माया तेथपर्यंतच पोहोचू शकते. डोळे मिटवणे, एवढेच तिच्या हाती उरते.

दर्शने थांबली तशा वेदना परतल्या. विचारपूस करायला एक व्रतस्थ आला. कशी आहेस, म्हणून त्याने विचारले तेव्हा आपल्याला दिवसभर भ्रम झाला होता, असे ती सांगून बसली. तो मोठ्याने हसला. मग तिने क्रुसावरून रक्त वाहिल्याचे सांगितले तसा तो एकदम गंभीर झाला. तिला स्वतःची अतिशय लाज वाटली. या परक्या माणसाने जे मनावर घेतले ते आपणच भ्रम म्हणून टाकून दिले! पापनिवेदन करावे तर कोणता धर्मगुरू आपल्यावर विश्वास ठेवील, असेही तिला वाटले. त्या हसणाऱ्या व्रतस्थाला मी नावे ठेवत नाही. आजाऱ्याचे बोलणे हसण्यावारी नेण्याची सवय आम्हा मंडळींना आजही आहे.

ती बरी झाली. जे पाहिले ते तिने एका छोट्या पुस्तकात लिहिले. त्याची पंचवीस प्रकरणे आहेत. इंग्रजी भाषेत पुस्तक लिहिणारी, आपल्याला माहीत असलेली ती पहिली स्त्री होय. या छोट्या पुस्तकात ती देवाच्या प्रेमाविषयी भरभरून लिहिते. पण येशू आपली आई आहे, हे त्यात कोठेही नाही. ते समजायला तिला आणखी सुमारे वीस वर्षे लागली.

अडचण होती पापाची. ख्रिस्तसभा शिकवते की पापी माणूस दोषी आहे, आणि तिची सभेवर पूर्ण श्रद्धा होती. आपल्या पापांची जाणीवही होती. पण दर्शनात तिने देवाकडे निरखून पाहिले तेव्हा तिला देवाच्या ठायी कणभरही राग दिसला नाही. दोषी ठरवणारी नजर दिसली नाही. मग खरे काय? सभेची शिकवण खोटी म्हणणे तिला शक्य नव्हते आणि पाहिलेले खोटे म्हणणेही शक्य नव्हते. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना असे पेच अर्ध्या तासात सोडवून मोकळे व्हायचो. एक भेद करायचा, दोन व्याख्या द्यायच्या, झाले. तिने कोणतीही बाजू सोडली नाही. पाप हलके आहे असेही ती कधी म्हणाली नाही. पापाहून कठोर नरक नाही, असे तिचे मत होते. नेहमीचे उत्तर तिला माहीत होते, तरी ते पुरत नाही असे ती प्रभूलाच सांगत राहिली.

उत्तरादाखल तिला एक धनी आणि त्याचा सेवक दिसला होता. धनी सेवकाला कामावर पाठवतो. सेवक मोठ्या आवडीने धावत सुटतो आणि खड्ड्यात पडतो. लागते खूप, पण त्याचे सर्वांत मोठे दुःख हे, की त्याला मान वळवून धन्याचा चेहरा पाहता येत नाही. धनी जवळच असतो आणि त्याच्याकडे अतिशय करुणेने पाहत असतो. सेवकाला हे कळतच नाही. या दृश्याचा अर्थ न लागल्यामुळे छोट्या पुस्तकात तिने ते घेतलेच नाही. वीस वर्षांना तीन महिने कमी असताना, ते दृश्य बारकाईने पुन्हा पाहण्याची प्रेरणा तिला झाली, आणि हळूहळू उलगडा होत गेला. तो सेवक आदाम, म्हणजे आपण सगळे. आणि तोच सेवक ख्रिस्तही, जो आपल्यासाठी मरीयेच्या उदरी उतरला.

हे समजल्यावरच आईचा विचार आला. तिने पुस्तक नव्याने लिहिले. यात शहाऐंशी प्रकरणे आहेत आणि साठाव्या प्रकरणाच्या आसपास हा विचार बहराला येतो. पवित्र त्रैक्यातील पिता हा आपला पिता, आणि दुसरी व्यक्ती, म्हणजे पुत्र, ही आपली आई. त्याने आपल्याला घडवले, आपले शरीर धारण केले आणि आजही तो आपल्याला वाढवतो, म्हणून तो तिन्ही अर्थांनी आई आहे. आपल्या आया आपल्याला ज्या जगात जन्म देतात तेथे दुःख आणि मरण आहेच. येशूने आपल्याला पोटात बाळगले, क्रुसावर कळा सोसल्या आणि सार्वकालिक जीवनासाठी जन्म दिला. त्या बाळंतपणात तो मेला. आई बाळाला अंगावर पाजते, येशू ख्रिस्तशरीर संस्कारात स्वतःलाच आपले अन्न करतो. आई बाळाला छातीशी धरते, तो आपल्या विंधलेल्या कुशीतून आपल्याला थेट हृदयापर्यंत नेतो.

यात एक गंमत आहे. आई म्हणून लिहितानाही ती येशूसाठी पुल्लिंगी सर्वनामच वापरते. मराठीत तर क्रियापदही बिघडवावे लागेल: आई बाळाला जन्म देतो. व्याकरणाच्या मास्तरांनी लाल रेघ मारावी असे हे वाक्य. पण तिला येशूचे पुरुषपण नाकारायचे नव्हते, त्याला मऊ करून दाखवायचेही नव्हते. आईपण हे मुळात त्याचेच आहे आणि आपल्या आयांकडे ते त्याच्याकडून आले आहे, असे तिचे म्हणणे. आपल्या मराठी कानांना हे तितकेसे खटकत नाही. वारकरी विठोबाला माउली म्हणतात, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या भक्तिगीतांत ख्रिस्ताला आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी हाक मारली आहे.

पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मूल वाढते तशी आई वागण्याची तऱ्हा बदलते, माया बदलत नाही. मूल चालायला शिकताना पडते, आई कधी कधी पडू देते, पण त्याच्या जिवाला धोका होईल असे काही होऊ देत नाही. आणि आपण पापात पडतो तेव्हा? तेव्हा आपल्याला इतकी शरम वाटते की कोठे तोंड लपवावे ते कळत नाही. नेमक्या त्या वेळी आपण पळून जावे असे या आईला मुळीच वाटत नाही. भ्यालेले किंवा मळलेले मूल आईपासून लांब जात नाही, धावत तिच्याकडेच येते. धावता येत नसेल तर जागेवरून भोकाड पसरते. आपणही तसेच करावे अशी येशूची इच्छा आहे, असे ती लिहिते.

आपल्या धर्मग्रामात दहा-दहा, वीस-वीस वर्षे पापनिवेदनाला न आलेली माणसे आहेत. त्यातली कितीतरी श्रद्धाहीन नाहीत; त्यांना लाज वाटते. काहींना कधीतरी जाळीआडून एखादा कडक शब्द ऐकावा लागला आहे. माझ्याकडूनही असा शब्द गेला आहे, आणि ती व्यक्ती त्यानंतर पुन्हा आली नाही. हा परिच्छेद लिहिताना मला तीच आठवत होती.

दुसरे पुस्तक लिहिण्याचे दिवस सोपे नव्हते. १३८१ साली इंग्लंडभर शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि नॉरिचचे बिशप हेन्री डिस्पेन्सर यांनी स्वतः शस्त्र हाती घेऊन आपल्या भागातला उठाव मोडून काढला. १४०१ साली पाखंडी ठरलेल्यांना जिवंत जाळण्याचा कायदा आला. अशा काळात एक बाई, लॅटिनमध्ये नव्हे तर लोकांच्या भाषेत, देवाच्या ठायी राग नाही आणि येशू आपली आई आहे असे लिहीत होती. आणि आपण पवित्र सभेच्या शिकवणीतच राहतो, असेही आवर्जून सांगत होती.

तोपर्यंत ती एकांतवासिनी झाली होती. एकांतवासिनी म्हणजे चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत मरेपर्यंत राहण्याचे व्रत घेतलेली स्त्री. आत जातानाच्या उपासनेत मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणत. अशा खोलीला साधारणपणे तीन खिडक्या असत: एक चर्चमध्ये उघडणारी, मिस्सा पाहण्यासाठी, दुसरी मोलकरणीकडून जेवण घेण्यासाठी, तिसरी रस्त्याकडची, पडदा लावलेली. तेराव्या शतकातील एका नियमपुस्तकाने एकांतवासिनींना जनावरांपैकी फक्त मांजर पाळण्याची मुभा दिली होती, म्हणून ज्युलियनच्या चित्रांत हल्ली हमखास एक मांजर दिसते. १३९४ साली एका धर्मगुरूने मृत्युपत्रात तिला दोन शिलिंग ठेवले. १४०४ च्या एका मृत्युपत्रात तिच्याबरोबर सारा नावाच्या मोलकरणीलाही आठ पेन्स आहेत.

रस्त्याकडच्या खिडकीशी लोक आपली दुःखे घेऊन येत. १४१३ च्या सुमारास लिन गावची मार्जरी केंप आली. चौदा मुलांची आई. मिस्सेत, रस्त्यात, कोठेही ती मोठमोठ्याने रडत असे, त्यामुळे लोक आणि धर्मगुरू तिला कंटाळले होते. (मीही कंटाळलो असतो.) आपल्याला येणारे अनुभव देवाकडून की सैतानाकडून, ही तिची काळजी. सत्तरीच्या ज्युलियनने तिला बरेच दिवस वेळ दिला. जे प्रीतीच्या विरुद्ध नाही आणि ख्रिस्तसभेच्या हिताचे आहे ते पवित्र आत्म्याकडूनच येते, असे समजावले, आणि तिच्या अश्रूंना नावे ठेवली नाहीत. मार्जरीने हे आपल्या आठवणींत नोंदवले, म्हणून आपल्याला माहीत.

१४१६ साली सफोकच्या एका उमराव घराण्यातील बाईंनी ज्युलियनला वीस शिलिंग ठेवले. त्यानंतर तिची खात्रीची नोंद नाही. कबर कोठे आहे हेही ठाऊक नाही. तिला औपचारिकरीत्या संतपद दिले गेलेले नाही. पण धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तिचा आधार घेतला आहे आणि पोप सोळावे बेनेडिक्ट १ डिसेंबर २०१० रोजी लोकांना दिलेल्या भेटीत तिच्यावरच बोलले. त्याआधी, १० सप्टेंबर १९७८ रोजी, पोप पहिले जॉन पॉल यांनी देव आपला पिता आहे आणि त्याहूनही अधिक माता आहे अशा अर्थाचे उद्गार काढले तेव्हा वर्तमानपत्रांत केवढी चर्चा झाली! त्यांनी आधार यशयाचा घेतला होता.

तिच्या हातचे एकही पान उरलेले नाही. इंग्लंडमध्ये मठ बंद पडल्यावर फ्रान्सला गेलेल्या बेनेडिक्टाईन मंडळींनी मोठ्या पुस्तकाच्या नकला जपल्या आणि १६७० साली ते पहिल्यांदा छापले गेले. १९०१ साली ग्रेस वॉरॅक या स्कॉटिश बाईंनी ते आजच्या वाचकांना समजेल अशा रूपात काढले, तेव्हापासून ते घरोघरी पोहोचले. तिचे चर्च १९४२ च्या जूनमध्ये जर्मन बॉम्बने जमीनदोस्त झाले. १९५३ साली ते पुन्हा उभे राहिले आणि तिच्या खोलीच्या जागी एक छोटे प्रार्थनालय झाले.

छोट्या पुस्तकाची मात्र एकच जुनी नक्कल वाचली. ती कोणा सरदाराच्या संग्रहात पडून होती. १९०९ साली संग्रहाची विक्री झाली तेव्हा ब्रिटिश म्युझियमने ती घेतली आणि १९११ साली मजकूर छापला गेला. तोवर वाचकांच्या हाती मोठे पुस्तकच होते, आणि त्यात बिछान्याजवळ उभ्या असलेल्या आईचा उल्लेख नाही. नव्याने लिहिताना ज्युलियनने तो गाळला होता. मुलीचे डोळे मिटवायला पुढे झालेला आईचा हात वाचकांना दिसला तो सव्वापाचशे वर्षांहून अधिक काळानंतर.

आपला,
प्रमुख धर्मगुरू